बाहुलीपटासाठी गोदी बांधताना: १९४४चा मुंबईचा धक्का १:६मध्ये

मुंबई गोदीच्या स्फोटावर बाहुलीपट करायचं ठरलं, तेव्हा पहिल्याच बैठकीत एकानं उत्साहानं विचारलं, "जहाज अख्खं बांधायचं ना?" मी कॅल्क्युलेटर त्याच्यापुढे सरकवला. ज्या जहाजावर स्फोट झाला ते फोर्ट स्टिकीन सुमारे १३० मीटर लांब होतं. आमच्या बाहुल्या एक फुटी, म्हणजे साधारण १:६, खऱ्या मापाच्या एक षष्ठांश. भागाकार केला की साडेएकवीस मीटर येतात. दोन एसटी एकामागे एक उभ्या कराव्यात, तेवढं जहाज. आणि आमच्याकडे जागा होती ती बंद पडलेल्या एका क्लासच्या हॉलची, अठरा बाय बावीस फूट.

युद्धकाळातला प्रसंग बाहुल्यांतून दाखवायचा तर सगळ्यात आधी हा हिशेब करावा लागतो. शोकेसमधलं मॉडेल चारही बाजूंनी बघितलं जातं. सिनेमातलं मॉडेल एकाच बाजूनं, एकाच उंचीवरून, काही सेकंद दिसतं. ते कॅमेऱ्याच्या भिंगासाठी बांधायचं, पाहुण्यांसाठी नाही. हे डोक्यात पक्कं बसलं की निम्मा खर्च वाचतो.

आधी प्रसंग, मग पट्टी

१२ एप्रिल १९४४ला हे जहाज मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागलं. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी आणि पेट्यांत भरलेल्या सोन्याच्या विटा होत्या. १४ तारखेला दुपारी २ नंबरच्या होल्डमधून, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या मालाच्या खणातून, धूर येऊ लागला. बंबवाल्यांनी ९०० टनांच्या वर पाणी आत ओतलं, पण धुरामुळे आग नेमकी कुठे आहे ते सापडेना. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, ४ वाजून ३४ मिनिटांनी दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. एकूण मृतांचे आकडे ८००पासून १,३००पर्यंत वेगवेगळे दिले जातात.

यातून आम्ही शॉटची यादी केली आणि प्रत्येक शॉटपुढे एकच प्रश्न लिहिला: बाहुली कशाला हात लावते? ज्याला हात लागतो ते १:६. ज्याच्याजवळून ती नुसती चालत जाते ते १:१२ चालतं. मागे जे दिसतं ते १:२४ किंवा त्याहून लहान. अख्ख्या जहाजाऐवजी आमच्या वाट्याला आला तो त्याच्या बाजूच्या पत्र्याचा दहा फुटी तुकडा, एक शिडी आणि डेकचा एक कोपरा. कोणालाही जहाज अपुरं वाटलं नाही.

मग पट्टी करा. कागदाच्या पट्टीवर दर ५१ मिलिमीटरला एक रेघ मारा आणि तिला '१ फूट' म्हणा. १:१२साठी ही रेघ २५.४ मिलिमीटरवर येते, १:२४साठी १२.७वर. तिन्ही पट्ट्या लॅमिनेट करून टेबलाला चिकटवा. प्रत्येक वेळी भागाकार करत बसलात तर रात्री अकराला एखादं दार चुकीचं कापलं जाणार, हे नक्की.

मापं कुठून आणायची

गोदीत परवानगीशिवाय शिरता येत नाही आणि त्या दिवसांवर लष्करी सेन्सॉर होता, त्यामुळे फोटो मोजके आहेत. पण फोटोत माणूस असला की तीच पट्टी. साडेपाच फूट धरा आणि बाकी सगळं त्याच्या पटीत काढा. काही गोष्टींची मापं ठरलेली असतात आणि ती मोठा आधार देतात. जुनी वीट नऊ बाय साडेचार बाय तीन इंच, म्हणजे १:६मध्ये ३८ बाय १९ बाय १२.७ मिलिमीटर. शेडच्या नालीदार पत्र्याच्या दोन लाटांमधलं अंतर तीन इंच. दोरखंड कसे लोंबतात, लोखंडी खुंट्याला घासून खुंटा कुठे चकाकतो, हे बघायला भाऊच्या धक्क्यावर एक सकाळ घालवा. काळ वेगळा असला तरी दोर तसाच घासतो.

नालीदार पत्र्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे बहुतेक जण फसतात. खोक्याचा वरचा कागद सोलला की आतल्या लाटा निघतात आणि सगळे त्याच वापरतात. पण नेहमीच्या खोक्यातल्या लाटा सहा ते आठ मिलिमीटरच्या असतात. १:१२मध्ये पत्रा सव्वासहा मिलिमीटरचा हवा, म्हणजे तिथे हा कागद बरोबर बसतो. १:६मध्ये मात्र पावणेतेरा मिलिमीटर लागतात. तिथे खोक्याचा कागद लावलात तर धक्का अचानक दुप्पट मोठा वाटतो आणि बाहुली बुटकी दिसते. का बिघडलं ते प्रेक्षकाला सांगता येत नाही, पण ते त्याला खटकतं. १:६साठी फळीवर साडेसहा मिलिमीटरचे गोल दांडे पावणेतेरा मिलिमीटरच्या अंतरानं चिकटवा आणि त्यावर जाड अॅल्युमिनियम फॉइल, केटरिंगच्या ट्रेचं, बोटानं दाबत जा. १:२४साठी पिझ्झाच्या खोक्याची बारीक लहर चालते.

बाहुली कुठून हलवणार, त्यावर टेबल ठरतं

सिंधुदुर्गात पिंगुळीला ठाकर कलाकारांचे कळसूत्री बाहुल्यांचे खेळ ज्यांनी पाहिलेत त्यांना हे सांगायला नको: दोरी वरून येते, म्हणून वरची जागा मोकळी लागते. गोदीत वर क्रेन, डोलकाठ्या, तारा. दोऱ्या त्यात अडकणारच. म्हणून आम्ही काठीच्या बाहुल्या घेतल्या, खालून हलवायच्या. मग टेबल छातीइतकं उंच, चार फुटांवर, आणि त्यात बाहुलीच्या चालीच्या वाटेनं दोन सेंटीमीटरची फट.

ही फट लपवायची कशी? रुळांनी. गोदीत मालगाडीचे रूळ धक्क्याच्या पातळीत बसवलेले असतात. फट म्हणजे रुळाची खाच. हा निर्णय आराखड्यातच घ्या. आम्ही धक्का रंगवून झाल्यावर घेतला आणि मग करवत चालवताना सुतारकाकांचं तोंड बघवत नव्हतं.

आणखी एक गोष्ट. बाहुलीचं डोकं आणि हात माणसाच्या प्रमाणापेक्षा मोठे असतात, नाहीतर भाव दिसत नाहीत. त्यामुळे दारं थोडी रुंद ठेवा. हातात द्यायच्या वस्तू, शिट्टी, कंदील, चहाचा ग्लास, या १:५नं करा. अचूक १:६चा ग्लास बाहुलीच्या हातात अंगठीसारखा दिसतो.

खोली फसवायची

आता साडेपाच मीटरच्या हॉलमध्ये गोदीची खोली आणायची. नियम सोपा आहे. पडद्यावर क्रेन ६० मीटर लांब वाटायला हवी. १:६ची केली तर ती भिंगापासून १० मीटरवर ठेवावी लागेल, म्हणजे भिंतीपलीकडे. १:२४ची केली तर अडीच मीटरवर. अंतराला त्याच प्रमाणानं भागायचं.

पण एवढ्यानं भागत नाही. उंचीही भागावी लागते आणि हेच कोणी सांगत नाही. भिंग बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे धक्क्यापासून २७ सेंटीमीटर वर. प्रत्यक्षात ते होतात १.६ मीटर. पण १:२४च्या जगात १.६ मीटर म्हणजे ६.७ सेंटीमीटर. म्हणजे मागच्या क्रेनची जमीन भिंगाखाली तेवढीच हवी. थोडक्यात, ती जमीन पुढच्या धक्क्यापेक्षा २० सेंटीमीटर वर उचलायची.

"काका, ही मागची फळी वीस सेंटीमीटर वर घ्या."

"अहो, मग क्रेन हवेत लोंबकळेल की."

"इकडे येऊन मोबाइलमधून बघा."

काकांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकले, एक डोळा मिटला. थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "च्यायला, बसली की."

दोन जमिनींमधली पायरी लपवायला गाठी, पेट्या, उभी हातगाडी, काहीही रचा. आणि एकदा हे बसलं की त्या शॉटमध्ये कॅमेरा बाजूला सरकवू नका. बोटभर जरी सरकला तरी क्रेन धक्क्यावरून घसरत जाताना दिसते.

भिंग शक्यतो रुंद कोनाचं घ्या आणि अॅपर्चर, म्हणजे भिंगाचं छिद्र, लहान, एफ ११ ते १६ ठेवा, पुढचं-मागचं दोन्ही स्वच्छ दिसायला हवं. मागचं धूसर झालं की ते खेळणं आहे हे लगेच कळतं. त्यासाठी प्रकाश भरपूर लागतो. मोबाइल इथे खरंच वरदान आहे: उलटा धरला की भिंग थेट जमिनीला टेकतं, मोठ्या कॅमेऱ्याला हे सहसा जमत नाही. ऊन शहराच्या बाजूनं, म्हणजे पश्चिमेकडून, आणि एकाच दिव्यानं. दोन दिवे लावलेत तर दोन सावल्या, म्हणजे दोन सूर्य.

जहाजाची कातडी

फोर्ट जातीची जहाजं कॅनडात बांधली गेली आणि त्यांचे पत्रे मुख्यतः रिबिटांनी, म्हणजे ठोकून बसवलेल्या गोल डोक्याच्या खिळ्यांनी, जोडलेले होते. रिबिटाचं डोकं साधारण दीड इंच, १:६मध्ये सहा मिलिमीटर. दहा फुटी तुकड्यात ती हजारांच्या घरात जातात.

मी आधी साबुदाणा वापरला. स्वस्त, गोल, फेविकॉलनं चिकटतो. मापानं जरा लहान होता, पण रंग दिल्यावर छान दिसत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी आलो तर खालच्या दोन ओळी गायब आणि पत्र्यावर उंदरांच्या लेंड्या. मग बोहरी आळीतून सपाट बुडाचे अर्धे मोती आणले, साड्यांना आणि रुखवताच्या वस्तूंना लावतात ते. पाच-सहा मिलिमीटरचे, पाकिटात हजार. कागदी पट्टीवर १६ मिलिमीटरच्या अंतरानं खुणा करून चिमट्यानं लावा. मोत्यांची चकाकी राखाडी प्रायमरखाली जाते. १:२४च्या पत्र्याला मात्र शिंप्याचं दातेरी चाक फॉइलवर मागून फिरवलं तरी पुरतं.

पत्रा म्हणून ३ मिलिमीटरचा सनबोर्ड, म्हणजे फोमचा कडक बोर्ड. पत्र्याच्या कडा एकमेकींवर चढलेल्या दाखवा, सपाट जोडू नका. रंग युद्धकाळाचा राखाडी, पण डब्यातला जसाच्या तसा नाही. थोडं पांढरं घाला, कारण लहान वस्तूवर गडद रंग आणखी गडद दिसतो. निव्वळ काळा कुठेच वापरू नका. गंज पाण्याच्या वाटेनं उतरतो: साखळीच्या भोकाखाली, रिबिटांच्या ओळीखाली, पाणी बाहेर पडण्याच्या छिद्रांखाली. पातळ तपकिरी रंगाचा ओघळ सोडा आणि ओल्या ब्रशनं त्याची वरची कड पुसून टाका.

एक तपशील इथे जपायला हवा. स्फोटकं असलेल्या जहाजानं लाल बावटा लावायचा असतो. फोर्ट स्टिकीननं तो लावला नव्हता. तेव्हा डोलकाठीवर हौसेनं लाल बावटा चढवू नका. तो नव्हता, हाच त्या दुपारचा एक भाग आहे.

फुगणारा रंग

आत आग कुठे आहे याची खूण बाहेरून मिळाली ती जहाजाच्या बाजूला रंग फुगू लागला तेव्हा. चित्रपटातला हा माझा सगळ्यात आवडता शॉट. स्फोट सगळे दाखवतात. मला त्याआधीचे चार फोड जास्त भीतिदायक वाटतात.

पत्र्याच्या तुकड्यात आडवं, ताटाएवढं भोक पाडा. मागून पातळ रबराची शीट ताणून लावा. मोठा फुगा कापूनही चालतो. त्याच्या मागे सनबोर्डचा दुसरा तुकडा, त्यात वेगवेगळ्या आकाराची पाच-सहा भोकं. प्रत्येक भोकाला माशांच्या टाकीची नळी आणि तिच्या टोकाला १० मिलिलिटरची सिरिंज. भोकांच्या कडा रबराला घट्ट चिकटवा, नाहीतर हवा एका फोडातून दुसऱ्यात पळते. पुढून रबरावर लवचीक रंग द्या: अॅक्रिलिकमध्ये तेवढंच रबर लॅटेक्स. साधा अॅक्रिलिक तडकतो.

शॉटमध्ये दोघं मागे बसून सिरिंज हळूहळू दाबतात. सगळ्या एकदम नको. पहिला फोड मधला, मग बाजूचे, एखादा अर्ध्यावर थांबलेला. शेजारच्या पत्र्यावर कायमचे फोड हवे असतील तर तो तुकडा सनबोर्डऐवजी जाड पुठ्ठ्याचा घ्या आणि ओल्या फेविकॉलवर जाड अॅक्रिलिक देऊन हीट गन फिरवा, छान बुडबुडे येतात. खिडक्या उघडून करा आणि फोमजवळ कधीच नाही. फोमचा धूर विषारी असतो.

गाठी, दोर, होजपाइप

कापसाची गाठ साधारण चार फूट लांब, म्हणजे २० सेंटीमीटर. आत थर्माकोलचा ठोकळा, कडा हातानं दाबून गोल केलेल्या. वर खरं गोणपाट लावण्याचा मोह होतो, पण त्याचा एकेक धागा १:६मध्ये दोरीएवढा दिसतो. जुना मांजरपाट कडक चहात बुडवून वाळवा, विण बरोबर बसते. लोखंडी पट्ट्यांसाठी चार मिलिमीटरची फॉइल. प्रत्येक गाठीच्या एका कोपऱ्यातून थोडा कापूस पिंजून बाहेर काढा. दोनच गाठींतून काढलात तर त्या दोनच गाठी 'सजवलेल्या' वाटतात.

दोराचं गुपित त्याच्या लवेत आहे. सुती दोऱ्यावर जी बारीक लव असते ती भिंगाला काथ्यासारखी दिसते. मेणबत्तीच्या ज्योतीवरून झर्रकन फिरवा आणि पातळ फेविकॉल चोळा. जाड दोरखंड हवा असेल तर तीन सुतळ्या ड्रिल मशीनला बांधून पिळा. दोराला वजन असल्यासारखा झोल यायला आत तांब्याची तार घाला.

होजपाइपला मात्र काही बनवावं लागत नाही. पायजम्याची रुंद सुती नाडी. पाणी नसलेला होज चपटा, म्हणून नाडी तशीच. पाणी भरलेला होज गोल आणि ताठ, म्हणून आत दहा-बारा मिलिमीटरची लवचीक नळी सरकवायची. एकाच धक्क्यावर दोन्ही प्रकारचे होज दाखवा. डेकवर बत्तीसच्या आसपास होज चालू होते असं सांगतात, आम्ही अकरा केले आणि कॅमेऱ्याच्या कोनावर उरलेलं सोपवलं.

पाणी मात्र लहान होत नाही. थेंब आपल्या आकाराचाच राहतो आणि पोल उघडी पाडतो. धक्क्याचा ओलेपणा चकचकीत वॉर्निशनं आणा, गोदीचं पाणी लहरदार अॅक्रिलिक शीटखाली काळपट हिरवा रंग देऊन. होजच्या तोंडाची धार शेवटी संगणकावर घाला. त्यात कमीपणा नाही.

सोन्याच्या विटेबद्दल विचारणारे असतातच. मैलभर लांब एका पारशी गृहस्थाच्या घरात अशी वीट येऊन पडली होती. १:६मध्ये ती खोडरबराएवढीसुद्धा होत नाही: सुमारे ४२ बाय १२ बाय ६ मिलिमीटर. गेरूचा थर, त्यावर पितळी इनॅमल, कडा घासलेल्या. आणि पडताना ती जड वाटायला हवी, म्हणून आत शिशाचा तुकडा. खोडरबराची वीट टणकन उडाली तेव्हा आमच्या सगळ्या गटाला हसू आवरेना.

स्फोट

फटाके नकोत. हॉलमध्ये तर नकोतच. दाबलेली हवा, एक नळकांडं आणि त्यात भरलेला मलबा: हलक्या बाल्सा लाकडाच्या ढलप्या, बुचाचे कण, मुलतानी माती, चुरगळलेली फॉइल. सगळ्यांनी गॉगल घालायचे. हवा सोडणारा एकच माणूस, आणि तो मोठ्यानं आकडे मोजतो.

लहान वस्तू खूप लवकर खाली पडते, म्हणून वेगात चित्रित करून सेकंदाला २४ फ्रेमवर दाखवायचं. किती वेगात? प्रमाणाचं वर्गमूळ काढा आणि २४नं गुणा. १:६चं वर्गमूळ २.४५, म्हणजे सेकंदाला सुमारे ६० फ्रेम. १:२४चं ४.९, म्हणजे १२०च्या जवळ. आजकालच्या मोबाइलमध्ये दोन्ही मिळतात.

इथे एक पेच आहे. बाहुली हलवणारा माणूस खऱ्या वेळेत हलवतो. त्याला ६० फ्रेमवर घेतलं तर बाहुली पाण्यात चालल्यासारखी दिसते. म्हणून बाहुली आणि मलबा एकाच शॉटमध्ये कधीच घेऊ नका. बाहुली वर बघते, कापा. पत्रा उडतो, कापा. दोन्ही एकत्र हवंच असेल तर बाहुलीवाल्याला अडीच पट वेगानं हालचाल करायची तालीम द्या. आमच्यातल्या एकीला ते दोन आठवड्यांत जमलं, बाकीच्यांना नाही.

जलपद्म हे सुमारे ४,००० टनांचं जहाज पाण्यातून उचललं जाऊन धक्क्यावर आदळलं. त्यासाठी आम्ही फक्त मागचा भाग, तोही १:४८मध्ये, केला आणि शेडच्या छपरावर टेकवला. तो हललेला आम्ही दाखवलाच नाही. धूर विरतो आणि जिथे आकाश होतं तिथे जहाज असतं.

चित्रीकरणाचा क्रम हा शेवटचा मुद्दा. शाबूत सेटचे सगळे शॉट आधी, फोडांचे नंतर, ४ वाजून ६ मिनिटांचा अगदी शेवटी. तोही दोनदा कोरडी तालीम करून, मलब्याशिवाय. मग झाडू मारू नका. पहिल्या स्फोटात जे जिथे पडलं त्याचे वरून, बाजूनं फोटो काढा, प्रत्येक मोठ्या तुकड्याखाली खडूनं नंबर टाका, आणि बारीक मलबा जागेनुसार वेगवेगळ्या डब्यांत भरा. कारण अठ्ठावीस मिनिटांनी दुसरा स्फोट आहे, आणि त्यात हाच धक्का, याच तुकड्यांसकट, पुन्हा लागणार आहे.